मुहूर्त नसलेल्या तारखा : जळगावच्या एका स्का बँडचं प्रकरण

नोव्हेंबर संपता संपता धुळ्याच्या एका कॉलेजातून फोन आला. गॅदरिंगला बँड हवाय, तासभर वाजवा, मानधन देऊ. आकडा ऐकून पोरं गप्पच झाली. तोवर कुणी त्यांना त्याच्या निम्मेही दिले नव्हते. तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. भिंतीवरचं कालनिर्णय पाहिलं तर नेमका लग्नाचा मुहूर्त, आणि तोही धनुर्मास लागायच्या आधीचा, म्हणजे दाट तिथ, लग्नांची गर्दी. बँडमधले ट्रंपेट आणि युफोनियम ही पितळी वाद्यं वाजवणारे दोघे त्या संध्याकाळी पारोळ्याकडच्या एका वरातीत असणार होते. इसार घेऊन झाला होता.

वाटा चार होत्या. त्या दोघांशिवाय जायचं. पुण्याहून दोन वाजवणारे पैसे देऊन आणायचे. ट्रंपेटवाल्या मास्तरांना इसार परत करायला लावायचा. नाहीतर धुळ्याला नाही म्हणायचं. पोरांनी नाही म्हटलं, आणि त्यावरून बँड फुटता फुटता राहिला. त्या निर्णयाचं मोल काय, हे पाहायला हे प्रकरण लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: निर्णय बरोबर होता, पण त्यांनी जे कारण दिलं त्यासाठी नव्हे.

बँड जळगावचा. नाव देत नाही, माणसांचीही देत नाही, तसं ठरलंय. एकूण सात जण. गाणारी मुलगी एम.एस्सी. करतेय, गिटारही तीच वाजवते. बेस, ड्रम, कीबोर्ड आणि आल्टो सॅक्स ही कॉलेजातली किंवा नुकती बाहेर पडलेली मुलं. उरलेले दोघे मामा-भाचे, पोटापाण्यासाठी लग्नाच्या ताफ्यात वाजवणारे. मामांना सगळे मास्तर म्हणतात. कुठल्या कंपनीशी करार नाही, मॅनेजर नाही, ध्वनिमुद्रण म्हणाल तर मोबाइलवर केलेलं. तालीम एमआयडीसीतल्या एका चटईच्या गोदामात. जळगावात प्लॅस्टिकच्या चटयांचे कारखाने पुष्कळ, आणि बेसवाल्याच्या काकांचा त्यातला एक. भिंतीला लावून ठेवलेल्या चटयांच्या गुंडाळ्यांमुळे पत्र्याच्या शेडमधला घुमारा बराच मोडतो. स्टुडिओला पैसे नसणाऱ्याला याहून बरी जागा शहरात मिळणं कठीण.

आता स्का म्हणजे काय, हे थोडं सांगावं लागेल, कारण पुढचा सगळा तिढा त्यातून येतो. चार मात्रांचं आवर्तन असतं. मात्रा पडते तिथे गिटार गप्प. दोन मात्रांच्या मधल्या फटीत तारांवर खालून वर हात मारायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताची पकड सैल करून आवाज तोडायचा. बेस मात्र दर मात्रेला एकेक सूर टाकत चालत राहतो. ड्रमचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आणि या सगळ्याच्या वर पितळ: ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन. पितळ काढून घेतलं तर उरतं ते ऐकायला वाईट नसतं, पण जत्रेतल्या पाळण्यातून पाळणेच काढावेत तसं होतं.

हे संगीत जमैकाचं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनमध्ये अमेरिकन रिदम अँड ब्लूज आणि तिथलं लोकगाणं मेंतो यांच्या मिसळणीतून ते उभं राहिलं, आणि 6 ऑगस्ट 1962 ला देश स्वतंत्र झाला त्या काळात गल्लोगल्ली वाजत होतं. 1964 मध्ये द स्काटलाइट्स हा बँड जमला. त्यातले टॉमी मकूक, जॉनी मूर, लेस्टर स्टर्लिंग आणि ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड हे चौघेही अल्फा बॉइज स्कूलचे विद्यार्थी. गरीब आणि निराधार मुलांसाठी कॅथलिक जोगिणींनी चालवलेली ही शाळा, आणि तिथे मुलांना बँडची वाद्यं शिकवत. म्हणजे स्काचं पितळ कुठल्या संगीत अकादमीतून आलेलं नाही. गणवेश घालून रांगेत वाजवणाऱ्या पोरांकडून आलंय. गाणी लोकांपर्यंत पोचायची ती साउंड सिस्टिमवरून. कॉक्सन डॉड, ड्यूक रीड ही त्यातली मोठी नावं. प्रचंड स्पीकर मोकळ्या जागेत उभे करायचे आणि वस्तीला नाचवायचं. मिरवणुकीत गाडीवर स्पीकरची भिंत आणि पुढे ट्रंपेट पाहत वाढलेल्या खान्देशी पोराला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पुढे 1966 च्या सुमारास लय संथ झाली, तिला रॉकस्टेडी म्हणाले. त्यातून 1968 च्या आसपास रेगे आलं. स्का पुन्हा उसळला तो इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीत, 1979 मध्ये. जेरी डॅमर्स यांनी टू टोन नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. द स्पेशल्स आणि द सिलेक्टर हे तिथलेच बँड, एका मंचावर काळी-गोरी पोरं, आणि गाणी बेकारीवर, वर्णद्वेषावर. लोक त्यावर नाचले. आपल्याकडे दिल्लीत 2009 मध्ये स्का व्हेंजर्स सुरू झाला. आमच्या बँडची गायिका आधी दिल्लीवाल्यांपर्यंत पोचली, तिथून कोव्हेंट्री, तिथून किंग्स्टन. उलट्या दिशेने, मोबाइलवर.

पहिले काही महिने पितळाचं काम कीबोर्डवर भागवत होते. एका कॅफेत वाजवलं, गिऱ्हाइकांनी मान वर करून पाहिलं आणि परत फोनमध्ये घातली. मास्तर आले ते सॅक्सच्या दुरुस्तीच्या निमित्ताने. खालचे सूर फुटत होते. मास्तरांनी सिगारेटचा पातळ कागद एकेका पॅडखाली, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या गादीखाली, धरला, कळ दाबली आणि कागद ओढून पाहिला. जिथे तो अलगद निघाला तिथे हवा गळतेय. पॅड बदलून दिलं आणि विचारलं, काय वाजवता ते एकदा ऐकवा तरी. गोदामात आले, अर्धं गाणं ऐकलं आणि पिशवीतून ट्रंपेट काढला. मेरठच्या जाली कोठीत बनलेला, जिथून देशभरातल्या वरातींची वाद्यं येतात. त्यांच्या हाताला हा ठेका परका नव्हता. जुन्या हिंदी गाण्यांत केरव्याच्या मधल्या जागी अकॉर्डियनचे नाहीतर गिटारचे ठोके असतात, आणि ती गाणी त्यांनी रस्त्यावर आयुष्यभर वाजवलीत.

अडलं ते पट्टीवर. गिटार शिकलेल्या पोरांची गाणी पांढरी तीनमध्ये, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, ई मध्ये. मोकळ्या तारा तिथे सापडतात. ट्रंपेट आणि युफोनियम काळी पाचची वाद्यं, म्हणजे बी-फ्लॅट. काही न दाबता फुंकलं की तोच सूर आणि त्याच्या घरातले सूर निघतात. पांढरी तीनमधलं गाणं ट्रंपेटवाल्याला सहा तीव्र स्वर सांभाळत वाजवावं लागतं, आणि आल्टो सॅक्सवाल्याची अवस्था त्याहून बिकट. दर सुराला बोटं फिरवत बसलं तर ठोका फटीत पडणार कधी? मास्तरांनी वाद न घालता एकदा वाजवून दाखवलं, चुकलं, आणि ट्रंपेट मांडीवर ठेवला. त्या आठवड्यात सगळी गाणी काळी पाच आणि पांढरी चारमध्ये उतरवली. गिटारवालीला सगळे कॉर्ड आडवं बोट दाबून धरावे लागले, पहिल्यांदा मनगट धरलं. पण स्काला हेच लागतं: मोकळी तार मधेच तोडता येत नाही, दाबलेली येते. पितळासाठी केलेल्या तडजोडीने गिटारही सुधारली.

ट्रॉम्बोन कुणाकडेच नव्हता. त्याची जागा भाच्याच्या युफोनियमने घेतली. नळीची लांबी साधारण तीच, आवाज जरा गोल, आणि सरकवायची दांडी नसल्यामुळे ट्रॉम्बोनची ती घसरण नाही. ज्याने मूळ ऐकलंय त्याला हे खटकेल. जळगावात असा माणूस मला तरी भेटलेला नाही.

मास्तर आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचं पंचांगही आलं. इथून खरं प्रकरण सुरू होतं.

लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर उघडतो आणि आषाढी एकादशीला बंद होतो. या काळात ताफ्यातला माणूस मोकळा सापडला तर सापडला. उन्हाळ्यात, शाळांना सुट्ट्या लागल्या की, एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या. चातुर्मासात मात्र हातावर हात. श्रावणात कानबाईच्या सोमवारी मिरवणुका, मग गणपती, नवरात्र. तेवढे दिवस सोडले तर मास्तर आणि भाचा गोदामात रोज हजर. सगळे सात जण एकत्र असण्याचा काळ म्हणजे नेमका तो, जेव्हा शहरात करमणुकीचे कार्यक्रम कमी, पाऊस, आणि कॉलेजं नुकती सुरू झालेली.

पोरं आधी याला अडचण समजत होती. मग गायिकेच्या लक्षात आलं की चातुर्मासात आणखी एक गोष्ट रिकामी पडलेली असते: मंगल कार्यालयं. शहराच्या कडेच्या एका छोट्या कार्यालयाचा मालक हंगामात जे भाडं घेतो त्याच्या अगदी थोड्या पैशांत रविवारची संध्याकाळ द्यायला तयार झाला. झाडलोट होईल, लाइटबिल निघेल, एवढाच त्याचा हिशेब. मंचावर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, त्या कुणी हलवल्या नाहीत. चकचकीत फरशी आणि उघड्या भिंतींमुळे सूर इतके घुमायचे की ठेका कळेना. चटयांच्या गुंडाळ्या टेम्पोत घालून आणल्या, काही भिंतीला उभ्या केल्या, बाकीच्या उलगडून लोकांना बसायला दिल्या. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला लोक उठले. तिकीट नव्हतं, दाराशी डबा होता.

खान्देशात संगीत ऐकायला माणसं कमी आहेत असं मला वाटत नाही. जळगावात जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. अहिराणी गाणी यूट्यूबवर अफाट चालतात. रथोत्सव, यात्रा, वरात, कुठेही चार माणसं जमली की वाजतंच. फरक असा की, शास्त्रीय मैफल सोडली तर, वाजणाऱ्या बहुतेक संगीताला यजमान दुसराच कुणीतरी असतो. नवरीचा बाप, मंडळाचा अध्यक्ष, नगरसेवक, कॉलेज. लोक त्याच्या बोलावण्यावरून येतात आणि त्याचं जेवून जातात. वाजवणाऱ्याचं म्हणून कुणी येत नाही. नव्या बँडपुढचा प्रश्न इथे असतो. स्का हे परकं संगीत आहे, हा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

कार्यालयातल्या रविवारांना यजमान नव्हता. आले ते स्वतःहून आले. सुरुवातीला मित्र आणि मित्रांचे मित्र, नंतर त्यांचे धाकटे भाऊ-बहिणी. मास्तरांच्या गल्लीतल्या बायाही आल्या, कारण मास्तरांना बसून वाजवताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. गायिकेच्या वसतिगृहाचं फाटक लवकर बंद होत असल्यामुळे कार्यक्रम सहाला सुरू आणि साडेआठला संपलेला. यामुळे मुली येऊ शकल्या. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या कार्यक्रमांत त्या दिसत नाहीत, आणि मग आयोजक म्हणतात मुलींना रस नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. पहिली गाणी इंग्रजीत होती. मग अहिराणीत केली, आणि अमळनेर-पारोळ्याकडची पोरं एकदम जवळ आली. पण भुसावळला वाजवलं तेव्हा तसं झालं नाही. तिकडे यावल-रावेरच्या पट्ट्यात लेवा बोली, आणि नंदुरबारच्या डोंगरात तर भिली, पावरी. सगळा खान्देश अहिराणी बोलतो ही मुंबई-पुण्याची समजूत आहे. आता दोन गाणी अहिराणीत, एक लेवा बोलीत, बाकी साध्या मराठीत आहेत. सगळ्यात जास्त मागणी असते ती रात्रपाळीच्या विजेवरच्या गाण्याला: शेतीपंपाला या आठवड्यात रात्रीची लाइट, बाप अंधारात मोटर चालू करायला निघालाय, पोरगा बॅटरी घेऊन मागे. चाल उड्या मारायला लावणारी. रावेरच्या पोरांनी केळीच्या भावावर गाणं करा म्हणून मागे लागून ते करवून घेतलं. त्यात बऱ्हाणपूरच्या भावाची वाट पाहणारा एक शेतकरी आहे, आणि मधे युफोनियम फोन लागत नसल्यासारखा एकच सूर धरून बसतो.

आपली माणसं मोजायची कशी, हा प्रश्न बेसवाल्याने सोडवला. इन्स्टाग्रामचे आकडे फुगतात, त्यात कोण कुठला कळत नाही. त्याने दाराशी वही ठेवली आणि व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली. ब्रॉडकास्टची गंमत अशी की निरोप त्यालाच पोचतो ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय. एका यादीत 256 पर्यंत नंबर बसतात. यादीत भारंभार नावं होती. पण निरोप टाकल्यावर कुणाकुणासमोर दोन टिका येतात हे तो संध्याकाळी निवांत बसून पाहायचा आणि वहीत त्या नावापुढे खूण करायचा. वहीत नंबर लिहिणं फुकट असतं. नाव टाकून तो सेव्ह करणं हे माणूस एखाद्या गॅसवाल्याचं नाहीतर डॉक्टरचंच करतो. दिवाळीपर्यंत या खुणांची संख्या पहिल्या यादीच्या निम्म्यापर्यंत पोचली होती. मोठमोठ्या शहरांतल्या बँडना आपल्या श्रोत्यांची इतकी नेमकी माहिती असेल का, मला शंका आहे.

याच सुमारास अहिराणी व्हिडिओ गाणी काढणाऱ्या एका निर्मात्याने रात्रपाळीचं गाणं मागितलं. एकरकमी पैसे, गाणं कायमचं त्याचं. कागद दोन पानांचा. पोरांनी तो एका वकिलाला दाखवला, हे त्यांचं शहाणपण. कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांनी ध्वनिमुद्रिकेसाठी हक्क दिले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेऊन काढून टाकता येत नाही. आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पोरांनी पाच वर्षांची मुदत घाला म्हटलं, निर्मात्याने नंतर फोन उचलला नाही. याबद्दल त्यांना अजून हळहळ आहे. मला नाही. स्ट्रीमिंगवर टाकून श्रीमंत होतील असंही नाही: स्पॉटिफायवर 2024 पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाच्या रॉयल्टीतून काहीच मिळत नाही. पण गाणं त्यांचं आहे, आणि ते वाजवायला त्यांना कुणाला विचारावं लागत नाही. याचा उपयोग पुढे झाला.

आता धुळ्याचा फोन. पुण्याहून वाजवणारे आणण्याचा विचार प्रवास आणि राहण्याचा खर्च मांडल्यावर संपला. मास्तरांना इसार परत करायला सांगण्याची गोष्ट ड्रमरने काढली. त्याचं म्हणणं सरळ होतं: लग्नात मिळतात त्यापेक्षा जास्त आपण देऊ. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी इतकंच सांगितलं की तिथीला शब्द मोडला तर पुढच्या हंगामात त्या गावातून एकही सुपारी येणार नाही, आणि ते नुकसान कुठलंही कॉलेज भरून देत नाही. ताफ्याचा धंदा लेखी करारावर चालत नाही, इसारावर आणि तोंडावर चालतो.

राहिला पितळाशिवाय जायचा पर्याय. यावर तीन दिवस भांडण. ड्रमर आणि कीबोर्डवाला म्हणत होते जाऊ, कीबोर्डवर पितळ काढू, कॉलेजच्या पोरांना काय कळतंय. गायिका आणि सॅक्सवाला नाही म्हणत होते: पितळाशिवाय तो स्का नाही, आणि मास्तरांना वगळून त्यांच्याच रचना वाजवणं बरोबर नाही. बेसवाला शेवटपर्यंत कुंपणावर होता, मग त्याने नाहीच्या बाजूने मत दिलं. कॉलेजला कळवलं की जानेवारीतली तारीख असेल तर येऊ. त्यांची तारीख ठरलेली. त्यांनी डीजे बोलावला. ड्रमर त्याच महिन्यात एका ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायला गेला. त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे, आणि त्याला दोष देणारी भाषा बँडमध्ये कुणी करत असेल तर ती मला मान्य नाही.

पितळाशिवाय स्का नाही, हे त्यांचं कारण मला फार पटत नाही. अडीनडीला चार वाद्यांवर तग धरता आलाच पाहिजे; नाहीतर एखाद्याला ताप आला की कार्यक्रम रद्द. माझं कारण वेगळं. गॅदरिंगची गर्दी कॉलेजने जमवलेली असते. तिच्यासमोर वाजवून पैसे मिळतात, आपली माणसं मिळत नाहीत. मिळाली तर एखाद-दुसरं, योगायोगाने. तासभराच्या त्या कार्यक्रमात प्रेक्षक हिंदी गाणी मागणार, आणि न वाजवल्यास हुर्यो होणार. अर्ध्या ताकदीने, दुसऱ्याच्या गाण्यांवर, धुळ्यात पहिली ओळख करून देणं हा तोट्याचा सौदा होता, मानधन धरूनही. बँडजवळ एवढंच भांडवल होतं की यजमान नसताना लोक त्यांच्यासाठी येतात. ते वाढवायचं तर जिथे यजमान नाही अशाच जागा शोधाव्या लागणार.

हिवाळ्यात तशी जागा कुठली? चातुर्मास संपलेला, कार्यालयं भरलेली. पण मधे पौष येतो. पौषात लग्नं टाळायची रीत अजून बरीच पाळली जाते, मुहूर्त विरळ, मास्तरांना उसंत. आणि पौष म्हणजे खान्देशात भरीत पार्ट्यांचे दिवस. आसोद्याच्या बाजूला एका मित्राचं शेत, तिथे शनिवारी संध्याकाळी भरीत पार्टी ठेवली. माणशी वर्गणी, त्यात भरीत, पुरी, कळण्याची भाकरी, कढी, आणि बँड. वर्गणी घेतली म्हणजे कार्यक्रम सशुल्क झाला. वरातीत किंवा लग्नाच्या समारंभात कुणाचंही गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे. इथे ती लागू नाही, दुसऱ्यांची गाणी वाजवायची तर गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना काढावा लागतो. त्यांनी तो काढला नाही, कारण गरज पडली नाही: तासभर पुरतील इतकी गाणी स्वतःची होती. पोलीस ठाण्यात ध्वनिक्षेपकाचा अर्ज दिला. रात्री दहानंतर बंद, हा 2000 च्या नियमांचा दंडक वसतिगृहाच्या फाटकापुढे तसाही गैरलागू होता.

तुरकाठ्यांच्या जाळावर लांबट हिरवी वांगी भाजली, साली काढून लाकडी बडगीत मिरच्या घालून ठेचली, वर कांद्याची पात आणि तेलात तळलेले शेंगदाणे. जेवणं आधी, गाणी नंतर, हा क्रम गायिकेचा. उलट केलं असतं तर लोक भांड्यांकडे पाहत बसले असते. थंडी चांगली होती आणि त्याने एक घोळ झाला. मे महिन्याच्या उन्हात ट्रंपेट चढा बोलतो, कारण तापलेल्या हवेत ध्वनी जोरात पळतो: 20 अंशांना सेकंदाला सुमारे 343 मीटर, 42 अंशांना 356 च्या आसपास. फुंकीची ऊब सगळीकडे सारखीच असल्यामुळे फरक तेवढा पडत नाही, पण कानाला कळण्याइतका पडतो. मास्तर मग सुराची नळी थोडी बाहेर ओढून घेतात. इथे उलटं. जेवणाच्या वेळात पितळ गारठलं आणि दोन्ही वाद्यं कीबोर्डच्या खाली बोलायला लागली. मास्तरांनी नळी पूर्ण आत ढकलली, तरी कमीच. शेवटी दोघे जाळापासून जरा लांब उभे राहून पाच मिनिटं नुसते फुंकत राहिले, सूर न काढता. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचा भाग आहे.

शे-सव्वाशे माणसं होती. निम्मी भरितासाठी आली असतील, हे मान्य करायला हवं. पण धुळ्याहून सात-आठ पोरं मोटारसायकलींवर आली होती, नव्वदच्या वर किलोमीटर. ज्या कॉलेजला नाही म्हटलं तिथलीच. गॅदरिंगच्या समितीतल्या एकाने बोलणी चालू असताना बँडचा नंबर सेव्ह केला होता, त्यामुळे ब्रॉडकास्ट त्याला पोचलं. ऑक्टोपॅडवाला ड्रमरही आला होता. नव्या पोराला मधे दोन गाण्यांना उठवून तो स्वतः बसला. परत बँडमध्ये आला नाही. खर्च वजा जाता उरलेले पैसे मास्तर आणि भाच्याला आधी दिले गेले, लग्नात मिळतात त्या दराने. बाकीच्यांनी काही घेतलं नाही. हे किती काळ परवडेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर अजून त्यांच्याजवळ नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी या प्रकरणानंतर बदलली. चौघांनी वाजवता येईल असा अर्ध्या तासाचा सेट बसवला: गिटार, बेस, ड्रम, सॅक्स, लय जरा संथ, रॉकस्टेडीकडे झुकणारी. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गावांत, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार इथे तो पॅसेंजरने जाऊन वाजवता येतो. हंगामात सात जणांना घेऊन फिरणं शक्यच नाही. गायिकेला हा सेट आवडत नाही, पण ती गाते.

पुढची अडचण आत्ताच दिसतेय. भाचा सुरतला कापड बाजारात नोकरीला चाललाय; लग्नाच्या ताफ्यांची कामं डीजेने खाल्ली आहेत आणि त्याला घर चालवायचंय. गायिकेचं शिक्षण मेमध्ये संपतं, तिच्या घरचे नाशिकचं म्हणतात. मास्तरांनी ताफ्यातल्या एका सोळा वर्षांच्या पोराला युफोनियम हातात दिलाय. त्याला इंग्रजी स्वरलिपी येत नाही, म्हणून सॅक्सवाला त्याच्यासाठी सगळ्या रचना सारेगममध्ये लिहून काढतोय, काळी पाचचा सा धरून. रात्रपाळीचं आणि केळीच्या भावाचं अशी दोन गाणी त्याच्या हातात बसली आहेत. आषाढीपर्यंत आणखी चार बसवायची, असं ठरलंय.